विश्लेषण : थॉमस चषकातील ‘थॉमस’ कोण? त्यांचा चषक त्यांच्याच इंग्लंडला आजवर का जिंकता आला नाही?

१५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताच्या पुरुष संघाने इंडोनेशियाला ३-० असे नमवून थॉमस चषक पहिल्यांदा जिंकला. बॅडमिंटनमधील पुरुष संघांची जागतिक स्पर्धा म्हणजे हा चषक. त्या विजयाने चषकाचे नाव घराघरांत पोहोचले, पण ते ज्यांच्यावरून पडले त्या सर जॉर्ज थॉमस यांची माहिती फारशी कुणाला नसते. विक्रमी २१ ऑल इंग्लंड विजेतेपदे मिळवणारे, दोनदा ब्रिटनचे बुद्धिबळ विजेते ठरलेले आणि जागतिक बॅडमिंटन संघटनेचे २१ वर्षे अध्यक्ष राहिलेले हे गृहस्थ कोण होते? देशादेशांच्या संघांची स्पर्धा त्यांना का सुचली? आणि त्यांचा स्वतःचा देश या स्पर्धेत कायम मागे का राहिला? याचा हा आढावा.

थॉमस यांची पार्श्वभूमी काय होती?

जॉर्ज ॲलन थॉमस यांचा जन्म १४ जून १८८१ रोजी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या थेरापिया येथे झाला. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचे इस्तंबूल. घराण्याकडे ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरेने चालणारा किताब होता. तो १९१८ मध्ये त्यांच्याकडे आला आणि ते सातवे बॅरोनेट झाले. नावाआधीचे ‘सर’ हे या किताबामुळे. खेळातील कामगिरीसाठी मिळालेली ती पदवी नव्हे.

खेळाची गोडी मात्र घरातूनच आली. आई लेडी एडिथ थॉमस उत्तम बुद्धिबळ खेळत. १८९५ मध्ये इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली. महिलांच्या अगदी सुरुवातीच्या बुद्धिबळ स्पर्धांपैकी ती एक होती. मुलगा तेव्हा १४ वर्षांचा होता.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूला मान होता आणि पैशासाठी खेळणे कमीपणाचे समजले जाई. थॉमस याच परंपरेत वाढले. त्यांनी लग्न केले नाही. आयुष्याचा मोठा भाग बॅडमिंटन, टेनिस आणि बुद्धिबळ या तीन खेळांत गेला.

तेव्हा बॅडमिंटन कोणत्या अवस्थेत होते?

या खेळाचे एक मूळ पुण्यात आहे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीतले ब्रिटिश अधिकारी जाळीवरून शटल मारण्याचा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत. १८७० च्या दशकात तेथेच त्याचे सुरुवातीचे नियम तयार झाले. सुट्टीवर किंवा निवृत्त होऊन मायदेशी परतणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर खेळ इंग्लंडला गेला. तेथील ग्लॉस्टरशायरमध्ये ड्यूक ऑफ बोफर्ट यांचा ‘बॅडमिंटन हाऊस’ नावाचा वाडा आहे. त्यावरून खेळाला नवे नाव मिळाले.

१८९३ मध्ये साऊथसी येथे क्लबांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन बॅडमिंटन असोसिएशन स्थापन केली. १८९९ मध्ये पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा झाली. कोर्ट तेव्हा आजच्यासारखे आयताकृती नव्हते. ते जाळीपाशी अरुंद, डमरूच्या आकाराचे होते. १९०१ मध्ये ही रचना रद्द झाली. १९०३ मध्ये डब्लिन येथे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला.

म्हणजे थॉमस कोर्टावर उतरले तेव्हा बॅडमिंटन हा ब्रिटिश बेटांवरच्या क्लबांचा, हिवाळ्यात सभागृहात खेळायचा खेळ होता. जागतिक विजेतेपद, देशांची क्रमवारी असे काहीच नव्हते. ऑल इंग्लंड जिंकणे हाच सर्वोच्च मान होता.

कोर्टावरची त्यांची कामगिरी किती मोठी?

थॉमस यांनी पहिले ऑल इंग्लंड विजेतेपद १९०३ मध्ये मिश्र दुहेरीत मिळवले, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. शेवटचे १९२८ मध्ये फ्रँक हॉज यांच्या साथीने पुरुष दुहेरीत मिळवले, तेव्हा वय होते ४६. या २५ वर्षांत त्यांनी एकेरीची ४, पुरुष दुहेरीची ९ आणि मिश्र दुहेरीची ८ अशी एकूण २१ विजेतेपदे पटकावली.

यातील एकेरीची कहाणी वेगळी आहे. दुहेरीत यश लवकर मिळाले, एकेरी मात्र बराच काळ हुलकावणी देत राहिली. पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ अशी पाच वर्षे स्पर्धाच झाली नाही. खेळाडूच्या उमेदीतील पाच वर्षे वाया गेल्यावर पुनरागमन कठीण असते. थॉमस यांनी मात्र १९२० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी पहिल्यांदा एकेरी जिंकली आणि सलग चार वर्षे, म्हणजे १९२३ पर्यंत, ती हातची जाऊ दिली नाही. पुढे आयर्लंडच्या फ्रँक डेव्हलिन यांचा जमाना सुरू झाला.

टेनिसमध्येही ते साधे खेळाडू नव्हते. १९११ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली होती.

बुद्धिबळात त्यांचे स्थान काय?

बुद्धिबळाच्या इतिहासात थॉमस यांचे नाव स्वतंत्रपणे घेतले जाते. १९२३ आणि १९३४ मध्ये ते ब्रिटनचे विजेते झाले. १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये हे विजेतेपद पंजाबातून गेलेल्या मीर सुलतान खान यांनी जिंकले होते. ब्रिटिश संघातर्फे बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये हे दोघे एकत्रही खेळले.

१९३४ च्या अखेरीस सुरू झालेली हेस्टिंग्जची स्पर्धा हा त्यांच्या बुद्धिबळातील सर्वोच्च क्षण. मॅक्स यूवे आणि सालो फ्लोर यांच्यासह त्यांनी पहिला क्रमांक विभागून घेतला. माजी जगज्जेते कापाब्लांका आणि भावी जगज्जेते बोटविनिक या दोघांनाही त्यांनी हरवले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. १९५० मध्ये त्यांना इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळाला आणि १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय पंचाचा दर्जा.

गंमत अशी, की त्यांचा सर्वांत प्रसिद्ध डाव त्यांनी गमावलेला आहे. १९१२ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड लास्कर यांनी वजिराचा बळी देऊन थॉमस यांचा राजा पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत नेला आणि मात केली. हा डाव आजही बुद्धिबळाच्या पुस्तकांत हमखास असतो.

आंतरराष्ट्रीय महासंघाची गरज का पडली?

१९२० आणि १९३० च्या दशकांत खेळ इंग्लंडच्या बाहेर झपाट्याने पसरत होता. थॉमस यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचे खेळाडू कॅनडाच्या दौऱ्यावर गेले. डेन्मार्कमध्ये क्लब वाढू लागले. ब्रिटिश सत्तेखालील मलायात आणि भारतात तर बॅडमिंटन केव्हाच रुजले होते. नियम मात्र इंग्लंडची असोसिएशन ठरवत होती. इतर देशांना त्यात स्वतःचा आवाज नव्हता.

५ जुलै १९३४ रोजी आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला. इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, डेन्मार्क, नेदरलँड्स, फ्रान्स, कॅनडा आणि न्यूझीलंड हे नऊ संस्थापक सदस्य होते. अध्यक्षपद थॉमस यांच्याकडे आले. त्याच वर्षी भारतातही राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९३६ मध्ये ती महासंघाशी जोडली गेली.

इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या खेळाडूने इंग्लंडच्या हातातील सूत्रे देशांच्या सामाईक संस्थेकडे जाताना तिचे नेतृत्व केले, याला महत्त्व आहे. अध्यक्ष म्हणून ते १९५५ पर्यंत राहिले.

चषकाची कल्पना काय होती?

टेनिसमध्ये १९०० पासून डेव्हिस चषक होता. बॅडमिंटनमध्येही देशांच्या संघांची तशी स्पर्धा व्हावी, असा प्रस्ताव थॉमस यांनी १९३९ मध्ये महासंघापुढे ठेवला आणि त्यासाठी स्वतः चषक दिला. लंडनच्या ॲटकिन ब्रदर्स यांनी घडवलेला हा चांदीचा करंडक सुमारे २८ इंच उंच आहे. बैठक, मधला घट आणि झाकण असे त्याचे तीन भाग. झाकणावर बॅडमिंटनपटूची छोटी मूर्ती आहे. चषकाचे अधिकृत नाव लांबलचक होते, लोकांनी त्याला थॉमस चषक म्हटले आणि तेच टिकले.

त्या वेळी वैयक्तिक स्पर्धा भरपूर होत्या. एखादा असामान्य खेळाडू त्या जिंकू शकत होता. थॉमस यांच्या स्पर्धेत मात्र प्रत्येक लढतीत ५ एकेरी आणि ४ दुहेरी असे ९ सामने दोन दिवसांत खेळायचे होते. एका ताऱ्याच्या बळावर ते जिंकणे अशक्य. ज्या देशाकडे एकामागोमाग एक चांगले खेळाडू आणि पक्क्या जोड्या आहेत, तोच टिकणार. स्पर्धा दर तीन वर्षांनी व्हायची होती. गतविजेत्याने थेट अंतिम लढत खेळायची आणि बाकीच्यांनी आधी आपापल्या विभागातून, मग आंतरविभागीय लढतींतून आव्हानवीर ठरवायचा, अशी रचना होती.

पहिली स्पर्धा १९४१-४२ च्या हंगामात घेण्याचा बेत दुसऱ्या महायुद्धामुळे फसला. ती प्रत्यक्षात आली १९४८-४९ मध्ये. तोपर्यंत थॉमस ६७ वर्षांचे झाले होते.

पहिल्याच स्पर्धेत काय घडले?

अंतिम टप्पा ब्रिटनमध्ये झाला. पण इंग्लंडचा संघ युरोप विभागातूनच बाहेर पडू शकला नाही. तेथून डेन्मार्क पुढे आला, अमेरिका खंडातून अमेरिका आणि पॅसिफिक विभागातून मलाया. मलायाने ग्लासगोत अमेरिकेला ६-३ असे नमवले आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये प्रेस्टन येथील अंतिम लढतीत डेन्मार्कला ८-१ असे निष्प्रभ केले.

मलाया तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षे होती. वाँग पेंग सून, ऊई तेक हॉक, तेओह सेंग खून अशा खेळाडूंच्या या संघाने राज्यकर्त्यांच्याच भूमीवर पहिला जागतिक चषक उचलला. पुढच्याच वर्षी वाँग पेंग सून यांनी ऑल इंग्लंड एकेरीही जिंकली. मलायाने १९५२ मध्ये अमेरिकेला आणि १९५५ मध्ये डेन्मार्कला हरवून चषक सलग तीनदा राखला.

१९५८ मध्ये सिंगापूरला इंडोनेशियाने मलायाची ही मालिका ६-३ अशी खंडित केली. फेरी सोनेव्हिल आणि तान जो हॉक हे त्या संघाचे आधारस्तंभ होते. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याला डच सत्तेने मान्यता देऊन तेव्हा दशकही पूर्ण झाले नव्हते. इंडोनेशियाने १९६१ आणि १९६४ मध्येही चषक जिंकला आणि बॅडमिंटन हा तेथे राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला.

या अभिमानाची दुसरी बाजू कोणती?

ती १९६७ मध्ये जकार्तात दिसली. अंतिम लढतीत मलेशिया ४-३ असा पुढे होता. इंडोनेशियाचे आव्हान १७ वर्षांच्या रुडी हार्तोनो यांच्यासारख्या नव्या खेळाडूंमुळे जिवंत होते. आठव्या सामन्यात, म्हणजे दुहेरीत, प्रेक्षकांचा गोंगाट इतका वाढला की खेळणे अशक्य झाले. महासंघाचे पदाधिकारी हर्बर्ट शील सामनाधिकारी होते. त्यांनी खेळ थांबवला. उरलेली लढत तटस्थ ठिकाणी खेळण्याचा निर्णय इंडोनेशियाने मानला नाही. अखेर मलेशियाला ६-३ असे विजयी घोषित करण्यात आले.

थॉमस यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. हौशी, सभ्य खेळाडूंच्या जगातील एका माणसाने दिलेल्या चषकासाठी आता हजारो लोक घसा फोडून ओरडत होते. देशांना एकमेकांसमोर उभे केले की ईर्षा येणारच होती. चषकाचे मोल वाढले ते याच ईर्षेमुळे, आणि वाद झाले तेही तिच्यामुळेच. इंडोनेशियाने १९७० मध्ये क्वालालंपूरला जाऊन मलेशियाला ७-२ असे हरवले आणि चषक परत मिळवला.

भारताची वाटचाल कशी राहिली?

पहिल्या स्पर्धेत भारत नव्हता. १९५१-५२ मध्ये पदार्पण केले आणि पहिल्याच प्रयत्नात तो अंतिम लढतीच्या उंबरठ्यापर्यंत गेला. आंतरविभागीय फेरीत भारताने डेन्मार्कला हरवले. मग अमेरिकेविरुद्ध ४-५ अशी निसटती हार झाली. एक सामना इकडचा तिकडे झाला असता तर चषकासाठी मलायाविरुद्ध भारत उभा असता. १९५५ मध्येही भारत याच टप्प्यावर डेन्मार्ककडून हरला.

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर हे त्या पिढीचे सर्वांत मोठे नाव. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस चषकात त्यांनी १६ पैकी १२ एकेरी सामने जिंकले. १९५६ मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पण नऊ सामन्यांच्या लढतीत एका खेळाडूचे मोठेपण पुरत नाही, हेच भारताच्या वाट्याला आले. १९७९ मध्ये पुन्हा उपांत्य फेरी गाठली, तेथे डेन्मार्कने रोखले. त्यानंतर प्रकाश पडुकोण आणि पुल्लेला गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड जिंकली, तरी संघाला पुढच्या उपांत्य फेरीसाठी ४३ वर्षे थांबावे लागले.

१९८४ पासून स्पर्धा दर दोन वर्षांनी होऊ लागली आणि लढत पाच सामन्यांची झाली. २०२२ मध्ये भारताकडे प्रत्येक जागेवर जिंकू शकणारा खेळाडू होता. मलेशिया आणि डेन्मार्कविरुद्ध २-२ अशा बरोबरीनंतर निर्णायक सामने एच. एस. प्रणॉयने जिंकून दिले. अंतिम लढतीत लक्ष्य सेनने पहिला गेम गमावूनही अँथनी गिंटिंगला हरवले. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी दुहेरीत मॅच पॉइंट वाचवून बाजी उलटवली, तर किदम्बी श्रीकांतने जोनाथन क्रिस्तीला नमवून चषकावर शिक्कामोर्तब केले. आधी थकवणाऱ्या दोन लढती खेळूनही अंतिम फेरीत प्रणॉयची पाळीच आली नाही. थॉमस यांना अभिप्रेत असलेली संघाची खोली ती हीच.

मग इंग्लंड मागे का पडला?

इंग्लंडने थॉमस चषकाची अंतिम फेरी आजवर एकदाही गाठलेली नाही. उपांत्य फेरी हीच त्याची सर्वोत्तम मजल. यामागे एकच कारण नाही. इंग्लंडमध्ये बॅडमिंटन प्रामुख्याने क्लबांत, सभागृहात आणि फावल्या वेळेत खेळले जाई. फुटबॉल, क्रिकेट, टेनिस यांच्या गर्दीत त्याचा क्रमांक खालचा राहिला.

मलाया आणि इंडोनेशियात तोच खेळ घराच्या अंगणात, गल्लीत, शाळेच्या मैदानावर उतरला. जागा थोडी लागते आणि साहित्य मोजके, हे तेथे पथ्यावर पडले. त्यात थॉमस चषकाने जागतिक विजयाची संधी दिली, तेव्हा या देशांनी आपले सर्वोत्तम खेळाडू आणि प्रतिष्ठा तिच्यामागे लावली. पुढे चीननेही हेच केले. १९८२ मध्ये पहिल्यांदा उतरून लंडनमध्ये इंडोनेशियाला ५-४ असे हरवत चीनने पदार्पणातच चषक नेला.

महिलांच्या उबेर चषकाची गोष्टही अशीच आहे. तो इंग्लंडच्या बेटी उबेर यांच्या नावाने १९५६-५७ मध्ये सुरू झाला. तोही इंग्लंडला कधी जिंकता आलेला नाही.

थॉमस यांचे उरले काय?

२३ जुलै १९७२ रोजी लंडनमध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी सर जॉर्ज थॉमस यांचे निधन झाले. मूलबाळ नसल्याने बॅरोनेटचा किताबही त्यांच्याबरोबर संपला. त्यांच्या हयातीत चषकाच्या आठ स्पर्धा झाल्या आणि आठही वेळा तो मलाया-मलेशिया किंवा इंडोनेशिया यांच्याकडेच गेला. त्यांची २१ विजेतेपदे आज आकडेवारीच्या तक्त्यात शिल्लक आहेत.

२०२४ पर्यंत थॉमस चषकाच्या ३३ स्पर्धा झाल्या. इंडोनेशियाने १४, चीनने ११ आणि मलेशियाने ५ वेळा तो जिंकला. जपान, डेन्मार्क आणि भारत यांच्या नावावर प्रत्येकी एक विजय आहे. आठ दशकांच्या जवळपास पोहोचलेल्या या इतिहासात चषकावर केवळ सहा देशांची नावे कोरली गेली. त्यातील पाच आशियातले आहेत.